तीन सुनीता आणि एक अक्षर

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे. मागच्या बाकांवरून आलेल्या शेऱ्यांना तेवढी संपादकांनी कात्री लावली आहे.)



सूत्रसंचालकांनी आत्ता "सुनीता, ये" म्हटल्यावर तीन खुर्च्या हलल्या, ते तुम्ही पाहिलंत. तीस वर्षांत शाळेचे कौल गेले, पत्रे आले, पत्रे जाऊन स्लॅब आला. पण हे बदललं नाही. तेव्हाही वर्गात "सुनीता, उत्तर सांग" असा आवाज आला की एक तर आम्ही तिघी उठायचो, नाहीतर तिघीही बसून राहायचो. उत्तर येत नसलं की बसून राहण्याची सोय होती. बाकीच्यांना ही सोय नव्हती, म्हणून तुम्ही आमच्यावर जळायचात.

आम्हा तिघींना तुम्हीच नावं ठेवली होतीत. एक मोठी सुनीता, कारण ती सगळ्यांत उंच. एक चष्मेवाली सुनीता, ती मी. आणि एक पलीकडची सुनीता, कारण ती नदीपलीकडच्या वाडीतून यायची. पावसाळ्यात पाणी वाढलं की ती दोन-दोन दिवस गैरहजर असायची. मराठीच्या बाईंनी "काल का आली नाहीस?" विचारलं की ती म्हणायची, "बाई, नाव नव्हती." आणि आम्ही मागून ओरडायचो, "नाव तर आहे की, सुनीता!" या विनोदावर आम्ही तीन पावसाळे हसलो.

आज मला "काहीही बोल, पण दहा मिनिटांत" असं सांगितलंय. मी संगणकाची माणूस, भाषणाची सवय नाही. म्हणून ज्या विषयात मला जन्मापासूनचा अनुभव आहे तोच घेतलाय : सुनीता हे नाव. शेवटी मला एक गोष्ट सांगायची आहे, ती सोपी नाही. पण आधी थोडी गंमत करू.

माझं नाव आत्याने ठेवलं. बारशाला कानात कुर्र करायचा मान तिचाच. त्या आठवड्यात गावात तंबूतला सिनेमा आला होता आणि आत्याने त्यात 'तीसरी मंझिल' पाहिला होता. सिनेमा १९६६ चा, पण आपल्याकडे यायला त्याला तेरा वर्षं लागली. त्यात आशा पारेखचं नाव सुनीता. बहीण तिसऱ्या मजल्यावरून पडून गेली, त्याला रॉकी नावाचा कुणीतरी जबाबदार आहे, असं समजून ही सुनीता त्याला शोधत मसुरीला जाते. वाटेत तिला भेटलेला शम्मी कपूर आपलं नाव अनिल सांगतो. ज्या रॉकीला ती शोधतेय तो तोच. म्हणजे सगळा सिनेमा एका नावाच्या घोटाळ्यावर उभा आहे. आत्याला गाणी आवडली होती, घोटाळा नाही. पण मला नावाबरोबर दोन्ही मिळालं.

दुसरी काल्पनिक सुनीता मला मँचेस्टरमध्ये भेटली. २००४ मध्ये मी कामासाठी तिथे होते. ऑफिसात पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं आणि शेजारची बाई एकदम खूश झाली. "म्हणजे दुकानवाल्या देवची सुनीता!" मला कळेना. मग समजलं, तिकडे 'कोरोनेशन स्ट्रीट' नावाची एक मालिका आहे. ती १९६० पासून चालू आहे आणि मँचेस्टरच्याच एका गल्लीत घडते. त्या गल्लीतलं कोपऱ्यावरचं दुकान देव नावाच्या भारतीय माणसाचं, आणि त्याच्या बायकोचं नाव सुनीता. शोभना गुलाटी नावाची नटी ते काम करायची. लग्नाआधीचं तिचं आडनाव मालिकेत काय होतं माहितीये? पारेख! आत्याला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, मी काय साधं नाव ठेवलं नव्हतं." पुढे २०१३ मध्ये त्या मालिकेतल्या सुनीताला मारून टाकलं. तोवर मी पुण्यात परत आले होते, तरी मँचेस्टरहून दोन जणींनी मला सांत्वनाचे निरोप पाठवले.

आता नावाचा अर्थ. मराठीच्या बाईंनी तो आठवीतच सांगितला होता : सु म्हणजे चांगलं, नीत म्हणजे नेलेलं. सुनीता म्हणजे चांगल्या मार्गाने नेलेली. बाईंना ऱ्हस्व-दीर्घाची फार चीड. पलीकडच्या सुनीताचं नाव जनरल रजिस्टरमध्ये 'सुनिता' असं पडलं होतं. बाई दर वर्षी हजेरीपटावर लाल शाईने तो 'नी' दीर्घ करायच्या. बाई, तुम्ही आज इथे आहात म्हणून सांगते, त्या 'नी'ची वेलांटी आम्ही तिघी अजून नीट काढतो.

अर्थ ऐकला तेव्हा मला एक गोष्ट खटकली होती. 'नेलेली' का? 'नेणारी' का नाही? कुणीतरी हात धरून चांगल्या रस्त्याने न्यायचं आणि आपण जायचं, असं का? पुढे मोठ्या झालेल्या सुनीता बघितल्या आणि ती तक्रार मिटली. त्यातली एकही कुणी नेल्यामुळे गेलेली नव्हती.

बघा, या नावाचं सगळ्यांत जुनं माणूस मला सापडलं ते पुरुष आहे. थेरगाथा हा बौद्ध भिक्खूंच्या पद्यांचा पाली ग्रंथ. त्यात सुनीत नावाच्या थेराचं आत्मकथन आहे. तो मगधात रस्ता झाडणारा, कोमेजलेली फुलं उचलून टाकणारा. लोक त्याला तुच्छ मानायचे. एके दिवशी बुद्ध भिक्खूंबरोबर समोरून आले. त्याने खांद्यावरची कावड खाली ठेवली, वंदन केलं आणि संघात घेण्याची विनंती केली. बुद्धांनी त्याला तिथेच संघात घेतलं. हा खरा 'नेलेला'. पण कावड खाली ठेवली ती त्याने स्वतः. पुराणातली ध्रुवाची आई सुनीती ही आमची चुलत बहीण म्हणायची. ध्रुवाला अढळपद मिळालं तेव्हा तिलाही त्याच्या शेजारी तारा होऊन जागा मिळाली, असं विष्णुपुराण सांगतं. म्हणजे आकाशात जाणारी पहिली तीच. विल्यम्सबाई नंतरच्या.

महाराष्ट्रात सुनीता म्हटलं की आधी आठवतात सुनीताबाई देशपांडे. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली ही रत्नागिरीची मुलगी. १९४६ मध्ये पु. लं.शी लग्न केलं तेही नोंदणी पद्धतीने, थाटमाट न करता. त्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं. आपण तेव्हा प्राथमिकमधून नुकतेच इकडे आलो होतो. ते पुस्तक शाळेच्या कपाटात 'शिक्षकांसाठी' या खणात होतं, म्हणून मला वाटायचं त्यात काहीतरी भयंकर असणार. मी ते वाचलं थेट मँचेस्टरमध्ये, एका हिवाळ्यात. सगळा महाराष्ट्र ज्या माणसावर जीव टाकतो त्याच्याबरोबर रोज संसार करताना काय होतं, ते बाईंनी लपवाछपवी न करता लिहिलंय. आणि दुसऱ्याचा हिशेब मांडताना स्वतःचाही मांडलाय. दोघांनी मिळून कवितावाचनाचे कार्यक्रम केले आणि पु. ल. देशपांडे फाउंडेशनमधून कितीतरी संस्थांना मदत केली. २००९ च्या नोव्हेंबरात त्या गेल्या. मला त्यांच्याकडून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते, ती म्हणजे खरं सांगताना आपलं नाव वगळायचं नाही.

दुसऱ्या दिल्लीच्या सुनीता नारायण. शाळा संपल्यापासून पर्यावरणाच्या कामात. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट ही त्यांची संस्था, आणि 'डाउन टु अर्थ' हे त्यांचं नियतकालिक. २००३ मध्ये त्यांच्या संस्थेने बाटलीबंद शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचा अहवाल दिला. मोठमोठ्या कंपन्या अंगावर आल्या. मग संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, अध्यक्ष आपले शरद पवार. त्या समितीने २००४ मध्ये संस्थेचे निष्कर्ष बरोबर ठरवले. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१३ मध्ये दिल्लीत सायकल चालवताना एका गाडीने त्यांना उडवलं. जबर जखमी झाल्या, पण बऱ्या होऊन पुन्हा लिहिलं ते हेच, की रस्ता सायकलवाल्याचा आणि पायी चालणाऱ्याचाही आहे.

सुनीता विल्यम्सबद्दल मी काय सांगणार? वडील मूळचे गुजरातचे, आई स्लोव्हेनियन वंशाची, मुलगी अमेरिकेच्या नौदलात हेलिकॉप्टर चालवणारी. २००६ मध्ये पहिल्यांदा अंतराळात गेली. एप्रिल २००७ मध्ये खाली बोस्टनची मॅरेथॉन चालू असताना ती वर अंतराळ स्थानकात पट्ट्यावर तेवढंच अंतर धावली. जून २०२४ मध्ये आठेक दिवसांसाठी म्हणून गेली. यानाच्या थ्रस्टरमध्ये बिघाड आणि हेलियमची गळती, म्हणून ते यान रिकामं परत आणावं लागलं. ही वर राहिली, स्थानकाची प्रमुख झाली, आणि मार्च २०२५ मध्ये २८६ दिवसांनी परतली. तिन्ही फेऱ्या मिळून ६०८ दिवस. त्या पहाटे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्हा तिघींना किती अभिनंदनं आली! मोठ्या सुनीताने तर लिहिलं होतं, "आभारी आहे, थोडी चक्कर येते आहे, बाकी ठीक."

आता शेवटची. हिचं नाव तुमच्यापैकी फारसं कुणाला आठवणार नाही. सुनीता राणी, पंजाबची धावपटू. २००२ मध्ये बुसानच्या आशियाई स्पर्धेत तिने १५०० मीटरमध्ये सुवर्ण आणि ५००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. मग उत्तेजक चाचणीत ती दोषी ठरली आणि दोन्ही पदकं काढून घेतली. ती सांगत राहिली की मी काही घेतलेलं नाही. पुढे चाचणीच्या कागदपत्रांतच गडबडी सापडल्या, ती निर्दोष ठरली आणि काही महिन्यांनी पदकं परत मिळाली. पण विचार करा, ज्या दिवशी स्टेडियममध्ये टाळ्या वाजतात तो दिवस काही परत मिळत नाही. पदक नंतर हातात येतं, टाळ्या वाजून गेलेल्या असतात.

गेलं वर्षभर ही सुनीता राणी माझ्या डोक्यातून जात नाहीये. का, ते सांगते.

माझं काम काय, असं तुम्ही मला नेहमी विचारता आणि मी "कंप्युटर" म्हणून सोडून देते. आज नीट सांगते. मोठ्या संस्थांकडे लाखो माणसांच्या नोंदी असतात. त्या दहा ठिकाणी दहा प्रकारे लिहिलेल्या असतात. कुठे सुनीता, कुठे सुनिता, दक्षिणेत शेवटी 'था'. आम्ही ते ताडून बघतो, की या दोन नोंदी एकाच माणसाच्या की दोन वेगळ्या माणसांच्या? या धंद्यातला पहिला धडा असा, की नावावरून माणूस ओळखायचं नाही. नावाला आम्ही कधीच ओळखीची किल्ली मानत नाही. कारण नाव एकाचं नसतं.

इथे दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली, एकाच माणसाच्या दोन नोंदी राहतात. ही चूक लगेच कळते, कारण त्या माणसाला दोनदा बिल येतं आणि ते भांडायला येतं. दुसरी चूक उलटी. दोन माणसं एक समजून त्यांच्या नोंदी एकत्र केल्या जातात. ही कळत नाही. कारण जे नोंदीत राहिलं त्याची काही तक्रार नसते, आणि जे नाहीसं झालं त्याचं म्हणणं ऐकायला यादीत जागाच नसते. माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात हे शिकवते. गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, "मॅडम, जे राहिलंय त्याला कळत नाही का, की आपल्या खात्यात दुसऱ्याचं काही आलंय?" मी म्हटलं, "कळतं ना." आणि त्या दिवशी पुढे मला काही शिकवता आलं नाही.

तर आता १९९३ चा डिसेंबर. आपण नववीत. तालुक्याची गणिताची स्पर्धा होती, पन्नास मार्कांची. आपल्या शाळेतून सहा जण बसलो होतो. त्यांत मी आणि पलीकडची सुनीता. आमचं आडनावही एकच, गावातल्या अर्ध्या घरांचं तेच. वडिलांची नावं तेवढी वेगळी.

शेवटचं गणित हौदाचं होतं, आठ मार्कांचं. एक नळ सहा तासांत हौद भरतो, दुसरा चार तासांत भरतो, खालचा नळ बारा तासांत रिकामा करतो. तिन्ही एकदम सोडले तर हौद किती तासांत भरेल? मी अपूर्णांकांत अडकले. खाडाखोड केली, वेळ संपली, पान कोरंच गेलं. बाहेर आल्यावर कडुनिंबाखाली मी रडवेली उभी होते. पलीकडची सुनीता आली. म्हणाली, "अगं, हौदात बारा बादल्या मावतात असं धर. पहिला नळ तासाला दोन बादल्या टाकतो. दुसरा तीन. खालचा एक घेऊन जातो. राहिल्या चार. बारा भागिले चार, तीन तास." हे तिने तळहातावर बोटाने लिहून दाखवलं. अपूर्णांकाचं नावही नाही. सर, तुम्ही आम्हाला ती रीत शिकवली नव्हती. कुणीच शिकवली नव्हती. तिने ती स्वतः काढली होती.

जानेवारीत निकालाचं पत्र आलं. प्रथम क्रमांक, शाळेचं नाव, सुनीता आणि आडनाव. वडिलांचं नाव नाही, आसन क्रमांक नाही. गुण पन्नासपैकी पन्नास. ऑफिसातून निरोप माझ्याकडे आला. पहिल्या पाचात येणारी मी, वडील सरकारी नोकरीत. दुसऱ्या कुणाचा विचार करायचं कुणाच्या मनात आलंच नाही. त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. पण मला कळलं होतं. आठ मार्कांचं पान मी कोरं ठेवलं होतं. पन्नासपैकी पन्नास माझे असूच शकत नव्हते, आणि त्या नावाची दुसरी मुलगी आपल्या शाळेत एकच होती.

मी बोलले नाही.

चौदा वर्षांची होते, घाबरले होते, घरी पोचेपर्यंत बाबांनी पेढे वाटले होते. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्या दिवसानंतर दहावी संपेपर्यंत शाळेचे कितीतरी दिवस होते, आणि त्यातल्या कुठल्याही दिवशी बोलता आलं असतं. प्रार्थनेच्या वेळी मला कंपासपेटी आणि एक पुस्तक दिलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तिसऱ्या रांगेत उभी राहून तीही वाजवत होती. त्या वर्षी शाळेच्या गुणवंतांच्या फलकावर पेंटरने नाव लिहिलं. ते अजून आहे, येताना जिन्याजवळ तुम्ही पाहिलं असेल.

आणि एवढ्यावर संपलं नाही. प्रथम आलेल्या मुलांना मे महिन्यात पुण्याला बारा दिवसांच्या शिबिराला पाठवलं. तिथे मी पहिल्यांदा संगणक बघितला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. मी त्याला दोन आकडे दिले आणि त्याने बेरीज दिली. त्या दिवशी ठरवलं, हेच करायचं. माझी पदवी, नोकरी, मँचेस्टर, सगळं मी कष्टाने मिळवलं आहे, त्यात खोटी नम्रता दाखवत नाही. पण ते बारा दिवस माझे नव्हते.

या ऑगस्टमध्ये स्नेहमेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा ग्रुपवर तिचा नंबर आला. चार दिवस मी तो नुसता बघत होते. मग केला फोन. मी सगळं पाठ करून ठेवलं होतं. पहिल्याच वाक्याला तिने थांबवलं.

"माहितीये गं मला. पन्नासपैकी पन्नास म्हणाले तेव्हाच कळलं. तू हौदाचं सोडलं होतंस ना."

मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलणार? आणि सांगणार काय, की ती सुनीता मी आहे? सुनीता तर तूही होतीस." मग थोडं थांबून म्हणाली, "घरी सांगितलं होतं आईला. आई म्हणाली, फळ्यावर नाव तर तुझंच लिहिलंय ना, तेवढं बघ. मग दहावीपर्यंत जिन्यावरून येता-जाता वाचायचे मी. माझंच नाव होतं ते."

मला काही बोलता आलं नाही. मी बत्तीस वर्षं त्या जिन्यावरून मान खाली घालून गेले आणि ती मान वर करून वाचत होती.

मी विचारलं, तू शिबिराला गेली असतीस तर? ती म्हणाली, दहावीनंतर शिकवायचं नाही हे घरात आधीच ठरलं होतं, त्याचं खापर तुझ्यावर कशाला? पण लगेच म्हणाली, "पुणं बघायला आवडलं असतं मात्र." हे तिने रागाने म्हटलं नाही. पण म्हटलं, आणि मी ते तुम्हाला तसंच सांगते आहे.

आज ती वाडीच्या दूध संकलन केंद्रावर हिशेब बघते. फॅट, एसएनएफ, लिटर, दहा दिवसांचं बिल. तिथे आता मशीन आहे, दूध ओतलं की पावती येते. मी म्हटलं, मग तुझं काम सोपं झालं असेल. ती म्हणाली, "मशीन चुकतं कधीकधी. मी आपली तोंडी करून बघते." दोन वर्षांपूर्वी दरपत्रकातला एक आकडा मशीनमध्ये चुकीचा भरला गेला होता. तो तिने तिसऱ्या दिवशी पकडला. आमच्याकडे अशा कामाला आठ-दहा इंजिनिअर लागतात, आणि तरी तो तिसऱ्या दिवशी सापडेलच असं नाही.

मी तिला विचारलं, मी हे भाषणात सांगू का? ती म्हणाली, "सांग. पण रडू नकोस. आणि मला स्टेजवर बोलावू नकोस, मला ते आवडत नाही." म्हणून मी तिला बोलावत नाहीये. ती बसली आहे तिथेच बसेल. कुठे बसली आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. थांबा, टाळ्या एवढ्यात नकोत. एक मिनिट.

मला दोन कामं करायची आहेत. पहिलं, ती कंपासपेटी मी बरोबर आणली आहे. कर्कटक हरवलंय, पट्टी मोडलीये, झाकणावरचा रंग गेलाय. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत वापरली मी ती. तिला सांगितलं तर म्हणाली, आण, नात पाच वर्षांची आहे, खडू ठेवेल तिच्यात. दुसरं काम फलकाचं. फलकावर नुसतं सुनीता आणि आडनाव आहे. मधे वडिलांच्या नावाचं अक्षर नाही. माझं अक्षर 'वि', तिचं 'रा'. मुख्याध्यापिकाबाईंना मी सगळं लेखी दिलं आहे. त्यांनी शाळा समितीला विचारून परवानगी दिली. जेवणं झाली की पेंटर येईल आणि त्या दोन शब्दांच्या मधे 'रा.' एवढं लिहील. जागा आहे तिथे, मी सकाळी मोजून बघितली.

माझ्या धंद्यात कधीकधी महिनाभर शोधून एका अक्षराची चूक सापडते आणि ती दुरुस्त करायला एक सेकंद लागतो. या अक्षराला बत्तीस वर्षं लागली, आणि चूक कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

सुरुवातीला म्हटलं तसं, सुनीता नावाच्या बायका अंतराळात गेल्या, संसदेला ऐकायला लावून गेल्या, पदक परत मिळवून गेल्या. त्यांची नावं तुम्हाला वर्तमानपत्रात मिळतील. हौदात बारा बादल्या धरणारी सुनीता तिथे मिळणार नाही. ती आपल्या जिन्याजवळ मिळेल, दुपारी तीननंतर. सगळ्यांनी बघून मगच चहाला जावं, अशी विनंती आहे.

आता वाजवा टाळ्या. तिच्याकडे बघून वाजवा.